दयाळाला दाणे नकोत, पाचोळा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च उजाडला की मराठी वर्तमानपत्रांतून ‘पक्ष्यांसाठी वाटीभर पाणी आणि मूठभर दाणे ठेवा’ असे आवाहन सुरू होते. 20 मार्चचा जागतिक चिमणी दिन हे त्याचे निमित्त. आपल्या दैनिकातही ते येते आणि सोबत गॅलरीच्या कठड्याला टांगलेल्या रंगीत प्लॅस्टिकच्या भांड्याचा फोटो असतो. हेतू चांगलाच आहे. पण पाण्याबद्दल त्यात अर्धेच सांगितलेले असते आणि दाणे तर शहरातल्या बहुतेक बागांत उलटेच पडतात. ज्यांना बागेत दयाळ, चीरक, शिंपी, नाचण, शिंजीर हे पक्षी यावेत असे वाटते त्यांच्या वाट्याला दाण्यांपायी फक्त पारवे, म्हणजे कबुतरे, येतात. असे का होते आणि त्याऐवजी काय करावे, हे मांडायला नेहमीपेक्षा जास्त जागा लागेल, ती कृपया द्यावी.

आधी दाण्यांचे. ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची कणी टाकली की सगळ्यात आधी पारवा येतो, मागोमाग साळुंक्या आणि होले, आणि जागा उरली तर चिमण्या. दाणे खाणारे सगळेच पक्षी पिलांना दाणे भरवत नाहीत. चिमणी स्वतः दाणे टिपते, पण तिच्या पिलांना पहिले काही दिवस अळ्या, मावा, बारीक टोळ असे मऊ किडेच लागतात. पारव्याचे तसे नाही. नर आणि मादी दोघेही गळ्याच्या पिशवीत तयार होणारा दुधासारखा घट्ट स्राव पिलांना पाजतात. त्यामुळे किडे असोत वा नसोत, नुसत्या दाण्यांच्या जोरावर त्यांची वीण बारा महिने चालू राहते. म्हणजे चिमणीच्या नावाने टाकलेल्या मुठीवर पारव्यांच्याच पिढ्या पोसल्या जातात. पारव्यांच्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे गेली तर काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते, ते वेगळेच. दादरच्या कबुतरखान्यावरून 2025 साली मुंबईत केवढे रण माजले ते सर्वांना ठाऊक आहे. त्या वादात आम्हाला पडायचे नाही. पण त्याच्या धाकट्या आवृत्त्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर रोज भरत असतात आणि त्यांची सुरुवात अशाच मूठभर दाण्यांनी झालेली असते.

हल्ली ऑनलाइन मिळणारी टांगती दाणेघरे ही युरोपातल्या बागांची नक्कल आहे. तिकडे तिला अर्थ आहे. इंग्लंडातल्या रॉबिनला डिसेंबर-जानेवारीत गोठलेल्या जमिनीतून किडे काढता येत नाहीत, दिवस जेमतेम आठ तासांचा असतो आणि रात्रीच्या थंडीत अंगातली चरबी झपाट्याने जळते. तिथे राहणारी मराठी कुटुंबे थंडीत बागेत सुके किडे आणि चरबीच्या वड्या ठेवतात ते योग्यच आहे. महाराष्ट्रात अशी गोठवणारी उपासमार नाही. इथली टंचाई एप्रिल-मेमधली, आणि ती पाण्याची.

दयाळ आणि चीरक हे त्या रॉबिनचे आपल्याकडचे भाऊबंद. दयाळ साधारण 20 सेंमीचा. नर चकचकीत काळा-पांढरा आणि मादीच्या अंगावर काळ्याच्या जागी राखाडी रंग. चीरक त्याहून लहान. नर काळा, खांद्यावर पांढरा डाग, शेपटीखाली विटकरी रंग. दोघेही शेपटी उभी धरून वावरतात आणि दोघांचेही पोट मुख्यतः जमिनीवरच्या किड्यांवर भरते. दयाळ खातो कसा ते एकदा नीट बघावे. दोन उड्या, मग थांबणे, मान किंचित कलती करून खाली पाहणे, एखादे वाळके पान चोचीने बाजूला फेकणे आणि खालचा झुरळाएवढा किडा उचलून दगडावर आपटणे. पान नसेल तर त्याखालचा किडाही नसतो. सोसायटीत दयाळ येत नाही अशी तक्रार असेल तर आवारातला माळी रोज सकाळी खराटा घेऊन काय करतो ते आधी पाहावे.

पाचोळ्यासाठी फार जागा लागत नाही. झुडपांच्या किंवा झाडांच्या सावलीतला दोन मीटर बाय तीन मीटरचा कोपरा पुरतो. त्यावर पानांचा 5 ते 8 सेंमी जाड थर राहू द्यावा. आंबा, जांभूळ, वड यांची जाड पाने सावकाश कुजतात. शिरीष-गुलमोहोराची बारीक पानोळी लवकर जिरते. दोन्ही मिसळलेली असली की थर पोकळही राहतो आणि खालून कुजतही राहतो. फेब्रुवारीपासून मेपर्यंत आठवड्यातून दोनदा त्यावर झारीने पाणी शिंपडावे. हे शिंपडणे विसरले की सगळा खटाटोप वाया जातो, कारण खडखडीत कोरड्या पाचोळ्यातून गांडुळे आणि किडे खोल जमिनीत उतरतात आणि दयाळ तो कोपरा सोडतो.

बिघडते ते बहुधा तीन प्रकारे. थर 15 सेंमीच्या वर गेला की आतली हवा संपते, पाचोळा आंबतो, वास येतो आणि कमिटीकडे तक्रार जाते. कोणीतरी त्यातच स्वयंपाकघरातला ओला कचरा टाकतो, मग उंदीर येतात, उंदरांमागून विषाच्या वड्या येतात. पाने झाडाच्या बुंध्याला चिकटून रचली तर साल कुजते, म्हणून बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी. सापांची भीती लोकांना वाटते, ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. म्हणून कोपरा इमारतीच्या भिंतीपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून चार मीटर तरी दूर असावा आणि त्याला विटांची एक ओळ लावावी, म्हणजे पाने पसरत नाहीत आणि हा कचरा नसून मुद्दाम राखलेली जागा आहे हेही सफाई करणाऱ्याला कळते. उरलेला पाचोळा खताच्या खड्ड्यात टाकावा. तो पेटवणे तर सरळ नियमबाह्य आहे. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्येच बंदी घातली आणि साध्या जाळण्यालाही 5000 रुपये दंड ठरवला. तरी माघ-फाल्गुनात कोपऱ्याकोपऱ्यावर धूर दिसतो.

चीरकाची गरज थोडी निराळी. त्याला दाट सावली नको. त्याला ऊन, दगड, खुरटे गवत आणि मधूनमधून उघडी माती लागते. पुण्याच्या वेताळ टेकडीसारख्या माळरानाच्या उतारांवर तो सहज दिसतो. पायथ्याच्या बंगल्यांत आणि नव्या वसाहतींत तो येतो, पण पेव्हर ब्लॉक बसले की निघून जातो. आवाराच्या कडेला मातीची मीटरभर रुंद पट्टी आणि सिमेंट न लावता रचलेला दगडांचा ढीग ठेवला तर तो टिकतो. कोकणात जांभ्याच्या गडग्यांत त्याला आयती भोके मिळतात. घरट्यात तो गवत आणि केसांबरोबर सापाची कातही घालतो, म्हणून सफाईत कात सापडली तर ‘घरात साप शिरला’ म्हणून धावाधाव करण्याआधी भिंतीतले भोक पाहावे.

विषाबद्दल सविस्तर लिहिण्यासारखे खूप आहे, पण मुख्य गोष्ट एवढीच की किडे मारण्याची फवारणी आणि किडे खाणारे पक्षी एका बागेत नांदत नाहीत. वाळवीसाठी जमिनीत क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक ओतले तर त्या मातीतले पक्ष्यांचे अन्नही संपते. वाळवीचे औषध इमारतीच्या पायापुरते ठेवावे, बागेत ओतू नये. गुलाबावर मावा पडला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो झाडून टाकावा किंवा साबणाचे पातळ पाणी मारावे. ब्रोमाडिओलोनसारख्या उंदीरनाशकाने उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्तावून हिंडतो आणि पिंगळ्याच्या नाहीतर गव्हाणी घुबडाच्या तोंडी लागतो. सापळा लावणे कटकटीचे आहे, पण तोच लावावा.

आता पाणी. मडके, बादली, उभट प्लॅस्टिकचे भांडे यांपैकी काहीही चालत नाही. लहान पक्षी काठावरून वाकतो, तोल जातो, पंख भिजले की त्याला उडता येत नाही. मे महिन्यात अशा भांड्यांत खारीची पिले आणि बुलबुल बुडून मेलेले आढळतात. योग्य भांडे म्हणजे नर्सरीत कुंडीखाली ठेवायला मिळते ती मातीची थाळी, 30 ते 40 सेंमी व्यासाची, झिलई नसलेली. तिच्या एका बाजूला खडे टाकून उतार करावा, म्हणजे काठाजवळ पाणी 2 सेंमी आणि खोल भागात फार तर 5 सेंमी राहते. दयाळ उताराने आत शिरतो, पोट टेकेल एवढ्या पाण्यात थांबतो आणि आंघोळ उरकतो. चष्मेवाला पक्षी आणि शिंजीर काठावरच्या ओल्या दगडांवरच भागवतात. स्टीलची परात एप्रिलच्या दुपारी हाताला चटका बसेल इतकी तापते, म्हणून ती नको.

थाळी कुठे ठेवायची यावर निम्मे यश ठरते. भोवती दोन मीटरपर्यंत मांजराला दबा धरता येईल असे झुडूप नसावे, पण दोन-तीन मीटरवर एखादी फांदी जरूर असावी. ओल्या पक्ष्याला जड अंगाने तेवढेच उडता येते आणि पंख सुकेपर्यंत त्याला आडोसा हवा असतो. अकरा ते चार सावली पडावी. पक्षी बसतात त्या फांदीच्या बरोबर खाली ठेवली तर पाण्यात विष्ठा पडते.

पाणी रोज बदलावे, एवढे सगळेच सांगतात. पण नुसते ओतून पुन्हा भरले तर डेंग्यूचा डास जात नाही. या एडिस डासाची मादी अंडी घालते ती पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या अंगाला चिकटवून. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी पुन्हा चढले की फुटतात. आपल्याकडच्या उष्ण हवेत अळीचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी काथ्याने नाहीतर ताठ ब्रशने आतली कड घासावी. साबण नको. दोन थाळ्या आळीपाळीने वापरून एक उन्हात कडकडीत वाळू दिली तर उत्तम. जूनमध्ये पाऊस लागला की थाळ्या उचलून ठेवाव्यात. तेव्हा पक्ष्यांना पाण्याची ददात नसते आणि महापालिकेचा माणूस भांडी पालथी करायला सांगतो तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालण्यात काही अर्थ नसतो.

साठलेल्या पाण्यापेक्षा टपटपणारे पाणी पक्ष्यांना लांबून कळते. त्यासाठी कारंजे नको. औषधाच्या दुकानातून सलाइनची कोरी नळी आणावी, तिचे टोक फांदीवर टांगलेल्या पाण्याच्या कॅनच्या बुडाशी बसवावे आणि चाक फिरवून सेकंदाला एक थेंब असा वेग ठेवावा. साध्या नळीतून 20 थेंबांना 1 मिली पडते, म्हणजे तासाला 180 मिली. सकाळी भरलेले दोन लिटर संध्याकाळपर्यंत पुरतात. कॅनचे बूच किंचित सैल ठेवावे, नाहीतर आत हवा न गेल्याने धार अडते. बोअरचे क्षार नळीच्या टोकाशी साठतात. आठवड्यातून एकदा ते टोक लिंबाच्या पाण्यात बुडवून धुवावे.

झाडांबद्दल थोडक्यात. जागा असेल तर पांगारा, काटेसावर, उंबर यांना तोड नाही. पांगारा फुलला की एरवी किडे खाणारा दयाळही मध प्यायला येतो. कुंपणाला करवंद आणि मुरुडशेंग. गॅलरीत बारा-चौदा इंची कुंडीत धायटी, अडुळसा, साधा जास्वंद. शिंपी पक्ष्याला मोठ्या पानाचे झुडूप आणि कोळ्याची जाळी दोन्ही लागतात. पाने शिवताना तो जाळ्यांचे धागे वापरतो, म्हणून झाडांवरची जळमटे काढू नयेत. रॉयल पाम आणि लॉन या जोडीवर सोसायट्या का खर्च करतात हे आम्हाला उमगलेले नाही. पक्ष्यांच्या लेखी तो हिरवा गालिचा अंथरलेला पार्किंग लॉट आहे.

वीण साधारण मार्च ते जुलै चालते आणि तेव्हाच माणसांचा उपद्रव जास्त होतो. दयाळ आपल्या हद्दीत दुसरा नर खपवून घेत नाही. गाडीच्या आरशातले प्रतिबिंब त्याला दुसरा नर वाटतो आणि तो तासन्‌तास चोच आपटत राहतो. आरसा आत दुमडावा किंवा त्यावर जुना मोजा चढवावा. खिडकीच्या काचेसाठी आतून चिकटवलेले ससाण्याचे एखादे चित्र कामाचे नाही. ठिपके किंवा दोऱ्या काचेच्या बाहेरून आणि 5 सेंमीच्या अंतराने हव्यात, कारण प्रतिबिंब बाहेरच्या पृष्ठभागावर पडते. मोबाइलवर दयाळाचे गाणे वाजवून त्याला फोटोसाठी समोर आणण्याची टूम निघाली आहे. बिचारा पिलांना भरवायचे सोडून नसलेल्या शत्रूला शोधत राहतो. फोटो मिळतो, घरट्याची वेळ बुडते.

पिलू जमिनीवर दिसले तर आधी त्याचे पंख पाहावेत. पिसे फुटलेले, आखूड शेपटीचे, उड्या मारणारे पिलू हरवलेले नसते. दयाळाची पिले नीट उडता येण्याआधीच घरटे सोडतात आणि आईबाप जवळपासच असतात. त्याला जवळच्या झुडपात उंचावर ठेवून मांजराला दोन दिवस घरात कोंडावे. माणसाचा हात लागला की आई पिलाला टाकून देते, हा गैरसमज आहे. दूध, पाव, भात काहीही भरवू नये. पिसे नसलेले पिलू सापडले तर ते घरट्यात परत ठेवावे. जखमी असेल तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार असा पक्षी घरी पाळता येत नाही, कितीही माया लागली तरी.

शेवटी घरट्याची पेटी. चिमणी दिनाला वाटल्या जाणाऱ्या पुठ्ठ्याच्या पेट्या पहिल्या वळवात लोळागोळा होतात आणि पत्र्याच्या पेटीत पिले भाजून निघतात. 18 ते 20 मिमी जाडीचे पॅकिंगचे पाइन लाकूड वापरावे, आतून रंग किंवा पॉलिश नको. दयाळासाठी तळ 15 बाय 15 सेंमी, मागची फळी 30 आणि पुढची 25 सेंमी उंच, म्हणजे छपराला पुढे उतार मिळतो. छप्पर पुढे 5 सेंमी बाहेर यावे. तोंड 5 सेंमी व्यासाचे आणि तळापासून 16-17 सेंमी वर असावे. ते खाली असेल तर कावळा चोच घालून पिले ओढतो, 7 सेंमीचे केले तर साळुंकी हटकून कब्जा करते. चिमणीसाठी तोंड 3.2 सेंमी पुरे. तोंडाखाली बसायला काठी लावू नये, तिचा उपयोग कावळ्यालाच जास्त होतो. आतल्या पुढच्या फळीवर करवतीने आडव्या खाचा पाडाव्यात, पिलांना त्यावरून वर चढता येते. तळाला 6 मिमीची चार भोके हवीत. पेटी तीन मीटरवर, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, किंचित पुढे झुकवून बांधावी, कारण आपल्याकडचा मुख्य पाऊस नैर्ऋत्येकडून येतो आणि दुपारचे ऊन पश्चिमेचे. खिळ्याऐवजी जुन्या सायकलच्या ट्यूबमध्ये ओवलेली तार बुंध्याभोवती घ्यावी आणि झाड वाढेल तशी दरवर्षी सैल करावी. वीण संपल्यावर, सप्टेंबरात जुने घरटे काढून आत उकळते पाणी ओतावे, त्यात पिसवा आणि गोचिड्या मरतात.

आमची विनंती या पेटीबद्दलच आहे. तिला डिसेंबर-जानेवारीत झाडावर जाऊन जरा जुने व्हावे लागते. मार्चमध्ये छापलेले आवाहन वाचून एप्रिलमध्ये टांगलेली पेटी दयाळाच्या त्या वर्षीच्या पहिल्या घरट्याला मुकते. राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. 5 तारीख वन्यजीव अभ्यासक मारुती चितमपल्ली यांच्या जन्माची, 12 तारीख पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या. त्या आठवड्यात आपण वरची मापे रेखाचित्रासह छापलीत तर सुताराला दाखवायला वाचकांच्या हाती कात्रण राहील. दाण्यांचे आवाहन मात्र मार्चमधूनही वगळावे.

कळावे,

सोसायट्यांच्या बागांत पक्षीनोंदी ठेवणारे काही वाचक, पुणे